जुनें भिंग, नवा फ्लॅश आणि नाणेघाटांतील अक्षरें

गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं चार पत्रांचा मजकूर जवळजवळ एकच आहे. घरांत वडिलांचा किंवा सासऱ्यांचा जुना कॅमेरा आहे. फिल्म महाग झाली, ती धुवून देणारा जवळपास कोणी उरला नाहीं, म्हणून तो कपाटांत पडून आहे. चिरंजीवांनीं नवा डिजिटल कॅमेरा घेतला. जुनी लेन्स एका कडीच्या साहाय्यानें नव्या कॅमेऱ्यावर बसते असें कळल्यावरून ती बसवून पाहिली, तों दिवसाच्या उजेडांत चित्र असें सुरेख आलें कीं सर्वांनीं वाहवा केली. परंतु मुंजीच्या दिवशीं मांडवांत फ्लॅश लावला मात्र, आणि बटु एका चित्रांत पिठासारखा पांढरा, तर दुसऱ्यांत अंधारांत बुडालेला! एका भगिनींनीं लिहिलें आहे कीं, शहरांतील एका दुकानदारानें "जुन्या लेन्सला फ्लॅश चालत नाहीं, ती मोडींत द्या" असा सल्ला दिला. लेन्स त्यांच्या दिवंगत यजमानांची आहे. मोडींत देण्यापूर्वीं आमचें मत काय, असें त्या विचारतात.

आमचें मत असें कीं, मुळींच देऊं नये. दुकानदार अर्धें खरें बोलला. जुन्या लेन्सबरोबर फ्लॅशचें मोजमाप पुष्कळदां चालत नाहीं. फ्लॅश उत्तम चालतो. मोजमाप कॅमेऱ्यानें करावयाचें सोडून तें आपण केलें, तर पाटीवरच्या भागाकाराहून अधिक गणित त्यास लागत नाहीं.

घोडेगांवांत राहणाऱ्या संस्कृताच्या निवृत्त मास्तरानें हा विषय हातीं कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें दोन. आमच्याजवळहि एक रशियन झेनिट कॅमेरा आहे. सोव्हिएत देशाचे कॅमेरे एके काळीं आपल्याकडे बेताच्या किमतींत मिळत. जपानी कॅमेरा मास्तराच्या पगारांत बसत नसे, झेनिट कसाबसा बसे. त्यावर हेलिओस ४४-२ नांवाचें ५८ मिलिमीटरचें भिंग आहे. (लेन्स हा शब्द आतां घरोघरीं रुळला आहे, परंतु आमच्या लेखणीस भिंग हाच सवयीचा. वाचकांनीं दोन्ही एकच समजावे.) दुसरें कारण, जुन्नर-आंबेगांवचा हा टापू म्हणजे कोरीव लेखांचें भांडार आहे. शिवनेरी, लेण्याद्रि, मानमोडी व तुळजा या डोंगरांत लेणीं आहेत आणि पश्चिमेस कोंकणांत उतरणारा नाणेघाट आहे. आमचा एक जुना विद्यार्थी, आहुपें खोऱ्यांतला, हल्लीं पुण्यास नोकरी करतो व सुटीच्या दिवशीं या लेखांचीं चित्रें घेतो. त्याचा कॅमेरा नवा, भिंग आमचें जुनें, अशी भागीदारी दोन वर्षें चालूं आहे. पुढील मजकूर त्या भागीदारींतून आला आहे.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहूं. फिल्मच्या काळांत ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्यानें १९७५ सालीं एक सुंदर युक्ति आणली. चित्र घेतलें जात असतांनाच फिल्मवर पडून परतणारा प्रकाश कॅमेऱ्याच्या पोटांतील एक डोळा मोजी, आणि पुरे झालें कीं फ्लॅश तोडून टाकी. या व्यवस्थेंत भिंग जुनें कीं नवें हा प्रश्नच उद्भवत नसे. जेवढा उजेड आंत आला तेवढा मोजला, संपलें. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं कांचेनें झांकलेला सेन्सर आला. तो आरशासारखा चकाकतो. त्यावरून परतणारा प्रकाश फिल्मवरून परततो तसा सर्व बाजूंस सारखा पसरत नाहीं, आणि पोटांतल्या डोळ्याचा हिशेब चुकूं लागतो. म्हणून दुसरी रीत सर्वत्र रूढ झाली. कॅननची ई-टीटीएल ही १९९५ सालची, निकॉनची आय-टीटीएल २००३ सालची, तत्त्व एकच. शटर उघडण्यापूर्वीं फ्लॅश एक मंद चमक सोडतो. ती समोरच्या वस्तूवरून परतून भिंगांतून आंत येते, तेथें तिचें मोजमाप होतें, आणि खऱ्या चित्रासाठीं किती जोर लावावयाचा हें त्यावरून ठरतें. दोन्ही चमका इतक्या लागोपाठ होतात कीं डोळ्यांस एकच भासते.

मेख येथें आहे. ती पहिली चमक मोजतांना नव्या भिंगाचें अपर्चर, म्हणजे आंतल्या पात्यांमधील भोंक, पूर्ण उघडें असतें. प्रत्यक्ष चित्र घेतांना तें ठरल्या मापापर्यंत मिटतें. किती मिटणार, हें भिंग आपल्या बुडाशीं असलेल्या विद्युत्-संपर्कांवाटे कॅमेऱ्यास आधीं सांगून ठेवतें. जुन्या भिंगास असे संपर्क नाहींत. तें मुकें आहे. त्याची कडी आपण हातानें एफ ८ वर फिरविली हें कॅमेऱ्याच्या कानीं जात नाहीं. मग तो एक तर मोजण्याचें नाकारतो, किंवा मनानें कांहींतरी गृहीत धरून फ्लॅशला भलताच हुकूम देतो. मांडवांतला पांढरा बटु हा या गृहीताचा प्रताप होय.

प्रत्येक घराण्याची रीत मात्र निराळी आहे. निकॉनच्या वरच्या वर्गांतील डी ७००० किंवा डी ७५० अशा कॅमेऱ्यांना भिंगाच्या कडीची हालचाल ओळखणारी एक लहानशी खिटी असते. भिंगाची लांबी व सर्वांत मोठें अपर्चर यादींत एकदां भरून ठेवलें कीं १९७७ नंतरच्या निकॉर भिंगांवर फ्लॅशचें मोजमाप बऱ्यापैकीं होतें. डी ३००० किंवा डी ५००० च्या वर्गाला ही खिटी नाहीं, तेथें मोजमाप बंदच. त्याहून जुनें, फेरफार न केलेलें निकॉर भिंग मात्र खिटीच्या कॅमेऱ्यावर दामटून बसवूं नये, खिटी मोडते. पेंटॅक्सच्या भिंगाच्या कडीवर 'ए' हें अक्षर असेल तर फ्लॅश शहाण्यासारखा वागतो. नसेल तर दरवेळीं सगळी शक्ति ओततो. कॅननवर कडी लावून बसविलेल्या भिंगानें दिवसाउजेडाचें माप मिळतें, फ्लॅशचें मॉडेलागणिक बदलतें. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर मिटलेल्या अपर्चरमधूनच पहिली चमक मोजली जाते, त्यामुळें उत्तर पुष्कळदां बरोबर येतें. परंतु त्यांच्या दोन खोड्या ठाऊक असाव्या. भिंग मुकें असल्यानें 'लेन्सच नाहीं' अशी कॅमेऱ्याची समजूत होते व शटर उघडत नाहीं. लेन्सविना शटर चालूं द्यावें अशी परवानगी यादींत शोधून द्यावी लागते. आणि फ्लॅशच्या हिशेबानें मापें लावलीं कीं आंतल्या पडद्यावर काळोख पसरतो. त्या पडद्यानें मापांचा परिणाम दाखवूं नये असेंहि यादींत सांगून ठेवावें. पुष्कळ लोक या दुसऱ्या खोडीनेंच घाबरून भिंग काढून ठेवतात.

आतां पाटीवरचें गणित. कोणत्याहि जुन्या भिंगाच्या कडीवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आंकडे कोरलेले असतात. आमचा विद्यार्थी शाळेंत असतां "गुरुजी, हे आंकडे असे वेडेवांकडे कां?" असें त्यानें आमचा झेनिट हातांत घेऊन विचारलें होतें. ते वेडेवांकडे नाहींत. चौरसाची बाजू १ असेल तर त्याच्या कर्णास शुल्बसूत्रांत द्विकरणी म्हटलें आहे, कारण त्या कर्णावर उभारलेला चौरस मूळच्या दुप्पट होतो. बौधायनादिकांस यज्ञवेदीचें क्षेत्र दुप्पट-निमपट करण्यासाठीं ही लांबी लागे, आणि ती काढण्याची त्यांची रीत अशी कीं, एकांत त्याचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, व त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. येणारें १.४१४२१५७ हें उत्तर खऱ्या मूल्याशीं पांच दशांशस्थळांपर्यंत जुळतें. भिंगावरील प्रत्येक आंकडा मागल्याच्या द्विकरणीपट आहे. भोंकाचा व्यास त्या प्रमाणांत कमी झाला कीं क्षेत्र निम्में होतें आणि उजेड निम्मा येतो. वेदी बांधणाराचें गणित आणि भिंग घासणाराचें गणित एकच निघावें, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं. क्षेत्रफळ दोघांनाहि सांभाळावयाचें होतें.

फ्लॅशच्या पुस्तिकेंत एक आंकडा दिलेला असतो, त्यास गाइड नंबर म्हणतात. समजा तो मीटरांच्या हिशेबानें, आयएसओ १०० साठीं, २८ आहे. या २८ ला फ्लॅशपासून वस्तूपर्यंतच्या अंतरानें भागावें. जें येईल तें अपर्चर. बटु साडेतीन मीटरांवर बसला असेल तर एफ ८. पांच मीटरांवर एफ ५.६. अडीच मीटरांवर एफ ११. आयएसओ ४०० केला तर २८ च्या जागीं ५६ धरावे. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चतुर्थांश पडतो, आणि एफचा आंकडा निम्मा केला कीं चौपट प्रकाश आंत येतो. म्हणून या दोहोंचा गुणाकार कायम राहतो. यापलीकडे यांत गूढ नाहीं. एक सावधगिरी: ज्या फ्लॅशचें डोकें पुढेंमागें सरकतें, त्याच्या खोक्यावरचा मोठा आंकडा झोत सर्वांत अरुंद केल्याचा असतो. मांडवासाठीं पुस्तिकेंतील रुंद झोताचा, तोकडा आंकडा घ्यावा. शिवाय हे आंकडे पांढऱ्या भिंती व छत असलेली खोली मनांत धरून ठरविलेले असतात. उघड्यावर किंवा उंच मांडवांत एक पायरी अधिक उघडावें.

या रीतीचा एक गुण नव्या रीतींतहि नाहीं. परतलेला प्रकाश मोजणारा कॅमेरा समोरच्या वस्तूच्या रंगानें फसतो: पांढऱ्या सोवळ्यांतले गुरुजी दिसले कीं "उजेड फार झाला" असें त्यास वाटतें व तो चित्र काळवंडवितो, काळी चंद्रकळा दिसली कीं उलट करतो. गाइड नंबरास अंतराशीं कर्तव्य. सोवळें पांढरें राहतें, चंद्रकळा काळी राहते.

शटरचा वेग फ्लॅशच्या मापांत शिरत नाहीं. चमक फार तर सेकंदाच्या सहस्रांशाची असते. मात्र शटर त्या क्षणीं पूर्ण उघडें हवें, म्हणून बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांवर सेकंदाच्या दोनशेंव्या भागाहून जलद जाऊं नये. आमच्या झेनिटवर ही मर्यादा तिसाव्या भागाची होती, आणि मुलें हललीं कीं प्रत्येकाला दोन-दोन कान येत.

ज्यांना मुंजी-बारशांत अंतर मोजण्याची सवड नाहीं, त्यांनीं स्वतःचा डोळा असलेला फ्लॅश घ्यावा. त्याच्या तोंडाशीं प्रकाश मोजणारी एक खिडकी असते. आयएसओ व अपर्चर फ्लॅशवरच लावावयाचें आणि तेंच अपर्चर भिंगावर. पुरेसा प्रकाश परतला कीं तो आपला आपण बंद पडतो. भिंग मुकें आहे याची त्याला दादहि नसते. परंतु भिंगाबरोबर कपाटांत सांपडलेला चाळीस-पन्नास वर्षांचा फ्लॅश सरळ नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवूं नये. जुन्या कांहीं फ्लॅशांच्या पायांत दोनशें व्होल्टांहून अधिक दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या धातूच्या खटक्यास तो सोसे, नव्यांतलें नाजूक मंडल त्यानें कायमचें निकामी होऊं शकतें. माहितगाराकडून दाब मोजून घ्यावा, नाहीं तर बिनतारी खटक्यानें फ्लॅश दूर ठेवून चालवावा. तो दूर ठेवण्याचे लाभ पुढें येतातच.

आणखी एक घरगुती गोष्ट. भीमाशंकरच्या बाजूस आमच्याकडे जो पाऊस पडतो, त्यांत भिंगाच्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चामड्याच्या पेटींत भिंग कधीं ठेवूं नये. चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें व पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या. गृहिणींनीं पापड ज्या काळजीनें ठेवावे तितकी काळजी पुरे आहे.

एवढें घरच्या कामापुरतें झालें. आतां ज्या कामासाठीं आम्ही हें जुनें भिंग मुद्दाम वापरतों, त्याकडे येतों.

नाणेघाट हा जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारा प्राचीन व्यापारी मार्ग. घाटाच्या तोंडाशींच एक लेणें आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत, प्राकृत भाषेंत, सातवाहन राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. विद्वान् तो सामान्यतः इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतला मानतात. अश्वमेध, राजसूय आदि यज्ञ केल्याचें त्यांत सांगितलें आहे व त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे: गाई, घोडे, कार्षापण नांवाचीं नाणीं. मागल्या भिंतीवर सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णि यांच्यासह राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. मूर्ति गेल्या, वरचीं नांवें व खालीं पावलांच्या खुणा एवढें उरलें आहे. एवढ्या राजकुलाचीं पावलेंच शिल्लक राहावीं, हें पाहून मन जरा थबकतें.

या लेखाचें विशेष महत्त्व त्यांतील आंकड्यांस आहे. भारतांतील संख्याचिन्हांचा इतका जुना व इतका मोठा संग्रह दुर्मिळ. शून्य नाहीं, स्थानमूल्य नाहीं. दहास, शंभरास, हजारास स्वतंत्र चिन्ह. शंभराच्या चिन्हास एक आडवी रेघ जोडली कीं दोनशें, दोन रेघा जोडल्या कीं तीनशें, आणि चाराचें चिन्ह जोडलें कीं चारशें. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. दोन हजार वर्षांच्या पावसांत व धुक्यांत झिजलेल्या खडकावर एक बारीक आडवी रेघ आहे कीं नाहीं, यावर राणीनें शंभर दिले कीं दोनशें दिले हें अवलंबून आहे.

एकोणिसाव्या शतकांत हा लेख प्रथम सर्वांच्या दृष्टीस आणला सायक्स यानें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो अभ्यासिला व ब्यूलर यानें १८८३ सालीं संपादून छापला. भगवानलालांस या विद्येंत आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड. त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे मुंबईंतील पहिल्या छायाचित्रकारांपैकीं एक होते, आणि मुंबईची छायाचित्रण-संस्था १८५४ सालची आहे. तेव्हां लेख व कॅमेरा यांची सोयरीक आपल्याकडे जुनीच म्हणावयाची. तरीपण त्या काळीं मुख्य भरंवसा ठशांवर असे. ओला कागद खडकावर बसवावा, ब्रशानें ठोकून खांचांत दाबावा, वरून शाईचा बोळा फिरवावा. ठसा अचूक येतो, पण प्रत्येक ठशास खडक थोडा तरी झिजतो, आणि संरक्षित लेण्यांत हें काम पुरातत्त्व खात्याचें आहे, हौशी माणसाचें नव्हे. हौशी माणसास निरुपद्रवी असें एकच साधन आहे, तें प्रकाश. काळ्या बसाल्टावर फ्लॅशची चमक पडल्यानें कांहीं होत नाहीं. अजिंठ्याची गोष्ट निराळी. तेथें रंग आहेत, व म्हणून फ्लॅशला मनाई आहे, ती योग्यच आहे. अक्षरें दिसावीं म्हणून त्यांत खडू किंवा पीठ भरणें, पाणी अगर तेल ओतणें, हे मात्र खरे अपराध होत. शिकलेल्या माणसांनींहि ते पूर्वीं केले आहेत. लेण्यांत आपलें व आपल्या प्रियेचें नांव कोरणाऱ्या वीरांविषयीं येथें लिहीत नाहीं. हें कौटुंबिक मासिक आहे.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवून लेखाचें चित्र घेतलें तर काय येतें? एक करडी सपाट भिंत. प्रकाश समोरून आला कीं खांचेंत सावली पडत नाहीं, आणि सावली नाहीं तेथें अक्षर नाहीं. फ्लॅश भिंतीच्या कडेला नेऊन प्रकाश तिरका, जवळजवळ भिंतीला घासत सोडला कीं तीच भिंत बोलूं लागते. येथें कॅमेऱ्याचें आपोआपचें मोजमाप उपयोगाचें नसतेंच. बसाल्ट काळा, तो काळा दिसतो म्हणून कॅमेरा प्रकाश वाढवीत जातो व अक्षरांच्या कडा पांढऱ्या पडून जातात. त्यांतून प्रत्येक दिशेचें चित्र तो निराळ्या मापानें घेतो, मग चित्रें एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. आम्हांस हवें असतें तें उलट: भिंग स्थिर, अपर्चर स्थिर, फ्लॅशचा जोर स्थिर, अंतर स्थिर, बदलावी ती प्रकाशाची दिशाच. मुकें भिंग व हातानें लावलेला फ्लॅश यांच्यापाशीं दुसरें कांहीं करण्याची शक्तिच नाहीं, आणि या कामांत तोच त्यांचा गुण.

माप असें धरावें. भागाकारांतील अंतर फ्लॅशपासून भिंतीपर्यंतचें. कॅमेरा कोठें आहे याचा संबंध नाहीं. साडेतीन मीटरांवर, समोरून, एफ ८. परंतु प्रकाश तिरका आला कीं तोच झोत भिंतीच्या अधिक भागावर पसरतो. भिंतीशीं तीस अंशांचा कोन केला तर प्रकाश निम्मा होतो, पंधरा अंशांचा केला तर सुमारें चतुर्थांश. म्हणून पंधरा अंशांवर दोन पायऱ्या उघडून एफ ४ करावें, किंवा एफ ८ ठेवून आयएसओ ४०० करावा. आम्ही दुसरा मार्ग घेतों, कारण खडक उंचसखल असतो व एफ ८ वर तो सगळा स्पष्ट येतो. फ्लॅश भिंतीच्या फार जवळ आणूं नये. मीटरभर रुंदीच्या भागाच्या जवळच्या कडेपासून तो एकच मीटर दूर असेल तर दूरच्या कडेस चतुर्थांश उजेड पोंचतो. तीन मीटर दूर नेला तर दोन कडांतला फरक एका पायरीच्या आंत येतो. पहिलें चित्र घेऊन कॅमेऱ्यांतील आलेख पाहावा, एखादी पायरी इकडेतिकडे करावी, आणि त्यानंतर कशासहि हात लावूं नये.

आमच्या हेलिओसची बैठक निकॉनवर बसविण्यास कांच नसलेली साधी कडी लावली, तर दोन-तीन मीटरांपलीकडचें कांहीं स्पष्ट दिसत नाहीं, कारण भिंग सेन्सरपासून किंचित् दूर जातें. डोंगराचें चित्र घेणारास हा मोठा दोष; भिंतीपासून दीड मीटरावर तिपाई लावून बसणारास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. (संरक्षित लेण्यांत तिपाईस खात्याची परवानगी लागते, ती आधीं काढावी.) एकेका अक्षराचें चित्र अगदीं जवळून घ्यावयाचें असेल तर भिंग पुढें सरकल्यामुळें प्रकाश घटतो हें ध्यानांत ठेवावें. सेन्सरवरील प्रतिमा मूळ वस्तूच्या निम्मी झाली कीं एफ ८ हा प्रत्यक्षांत एफ १२ होतो.

दिशेचें महत्त्व आम्हांस नाणेघाटांतच नीट कळलें. प्रकाश डावीकडून सोडला तर उभ्या खांचा ठसठशीत उठतात. आडव्या रेघा प्रकाशाच्याच दिशेनें धांवत असल्यानें त्यांत सावली पडत नाहीं व त्या नाहींशा होतात. आमच्या विद्यार्थ्यानें गेल्या माघांत एका जागेवरून बारा चित्रें घेतलीं, घड्याळाच्या बारा आंकड्यांवर फ्लॅश ठेवून. दर वेळीं दोरीनें अंतर मोजलें. दोरी धरण्याचें काम आमचें. घरीं येऊन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं. नऊच्या बाजूनें प्रकाश असलेल्या चित्रांत शंभराचें चिन्ह एकटें उभें होतें. बाराच्या बाजूनें, म्हणजे वरून, प्रकाश असलेल्या चित्रांत त्याच चिन्हाच्या उजव्या अंगास आडवी रेघ सरळ दिसत होती. छापील वाचनांत तेथें दोनशेंच आहेत. आम्हीं नवें कांहीं शोधलें नाहीं. पण नऊच्या बाजूचें एकच चित्र घेऊन कोणी घरीं गेला असता, तर राणीच्या दक्षिणेंतले शंभर त्यानें खिशांत घातले असते! खालून, सहाच्या बाजूनें, प्रकाश सोडला तर आणखी मौज होते: डोळा फसून खांचा उंचवट्यासारख्या दिसूं लागतात. म्हणून छापण्यासाठीं वरच्या डाव्या कोपऱ्यांतून प्रकाश घेण्याचा प्रघात आहे. वाचण्यासाठीं मात्र बाराहि हवीं.

अशा अनेक दिशांच्या चित्रांतून संगणकावर एकच चित्र बनवून, त्यावर प्रकाश हवा तिकडून फिरवून पाहण्याची पद्धति टॉम माल्झबेंडर व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केली. जगांतील संग्रहालयें आतां ती शिलालेखांसाठीं व नाण्यांसाठीं वापरतात. तीस लागणारी मुख्य अट हीच कीं, कॅमेरा हलूं नये आणि सर्व चित्रांत माप तेंच असावें. आमचा विद्यार्थी हल्लीं त्या खटपटींत आहे. त्याच्या आजीला अक्षरओळख नव्हती. त्याची धाकटी बहीण मात्र संगणकावरचा उजेड फिरवीत ब्राह्मींतील 'क' आणि 'र' ओळखूं लागली आहे, व परवां तिनें आम्हांस एका अनुस्वाराबद्दल अडविलें.

पावसाळा सरल्यावर मानमोडीच्या डोंगरावरील लेख घ्यावयाचा आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा तो लेख. वर्ष ४६ असें त्यांत दिलें आहे, तेव्हां तेथेंहि आंकडा आहेच. दोरी नवी घेतली आहे, जुनी ओलीनें आंखडली होती.

ज्या वाचकांस आपल्या घरच्या भिंगाविषयीं विचारावयाचें असेल, त्यांनीं भिंगाच्या कडीवर कोरलेलीं सर्व अक्षरें व आंकडे, मागची बैठक आट्याची आहे कीं फिरवून अडकविण्याची, आणि नव्या कॅमेऱ्याचें पूर्ण नांव लिहून पाठवावें. फ्लॅश जुना असल्यास त्याचेंहि नांव द्यावें. नुसतें "वडिलांची जुनी लेन्स" एवढें लिहिल्यास उत्तर देतां येत नाहीं.